वालातली पिवळी रेघ

अहो,

स्नेहल विचारते, "आजी, पुढे नाव काय लिहू?" जन्मभर घेतलं नाही ते आता घेऊ? ‘अहो’ पुरे, ओळखाल तुम्ही. तुमची ही नात कंपनीतून दमून आली तरी लिहायला बसलीय. मला अक्षर येत नाही, तुम्हालाही येत नव्हतं. तिथे वर कोणाकडून तरी वाचून घ्या.

आज लिहायचं कारण असं, की बारवी धरणाच्या वाटेवरच्या आपल्या शेतात बाळूने तळ्यासाठी जेसीबी लावला, तर खाली विटांची भिंत! मग कॉलेजच्या बाई आल्या. ब्रशने माती झाडतात. एवढ्या मायेनं मी कधी घर झाडलं नाही.

म्हणाल्या, "आजी, दोन हजार वर्षांपूर्वीचं घर असेल. कोणी बडा शेतकरी." एका रांजणाचा कान सापडला. रोमहून जहाजाने कल्याण बंदरात आला असेल म्हणे, दारू भरून. तुमच्या शेतात परदेशी दारू, आणि तुम्ही जन्मभर ताकावर!

त्या घरातली बाई कशी असेल हो? चूल कुठल्या कोपऱ्यात मांडली असेल? तिचा नवराही तुमच्यासारखा घुम्या होता का?

आज बाईंनी भिंतीवरून दोरी ताणली आणि माझे पायच थांबले. अहो, ती तर आपल्या वालातली रेघ! भात कापून वाल टाकला की दरवर्षी तेवढाच पट्टा आधी पिवळा पडायचा. मी बांधावरून ओरडायचे, "तिथं शेण टाकायला हात दुखतात काय?" तुम्ही एवढंच म्हणायचात, "टाकलंय गं. जमीनच तशी हाय."

चाळीस वर्षं मी ते खोटं धरलं. शेजारणींसमोर तुम्हाला आळशी म्हटलं. बाई सांगतात, खाली भिंत असली की मुळांना ओल मिळत नाही.

पण एकदा तरी खणून दाखवायचं होतं ना! किती गप्प राहावं माणसाने?

बाकीचं घर कुठे आहे, ते बाईंना कळत नाही. मला थोडं आठवतं. दुसरी रेघ आंब्याकडे वळायची. बाळूला सांगितलंय, तळं दुसरीकडे कर. औंदा कापणी झाली की तिथे वाल टाकून घेईन, शेण सगळीकडे सारखं. पिवळा पडेल तिथे बोट दाखवून सांगेन, "इथं खणा. आमचे हे कधीचे सांगत होते."

आणि त्या दिवशी सगळ्या शेजारणींना बांधावर बोलावून घेईन. आधी त्यांना सांगेन, मग बाईंना.

तुमची,
बाळूची आई

(अंगठा माझाच आहे. ठशाची शाई नव्हती, हळद लावलीय.)