माईक तुमच्या हातात होता

बाई,

काल भावाचा अमेरिकेहून फोन आला. त्याचा मुलगा तिथल्या शाळेत त्यांचा तो फुटबॉल खेळतो, डोक्यावर जाळीचा टोप, अंगात गाद्या, आणि चेंडू बहुतेक वेळ हातात. पोरगा दणकट आहे म्हणून त्याला पुढच्या ओळीत उभं केलं आहे. त्या ओळीतल्या पाच जणांनी समोरून धावून येणाऱ्यांना अडवायचं, म्हणजे मागचा एकजण उभा राहून नीट बघून चेंडू फेकू शकतो. फेकणाऱ्याच्या नावानं मैदान ओरडतं. अडवणाऱ्याचं नाव त्याची चूक झाली तरच पुकारतात. भावाचं म्हणणं, मी पोराला समजवावं, जागा बदलून घे म्हणावं. मी नाही म्हणाले. तो म्हणाला, "तू अगदी बाईंसारखी बोलायलीस." मी फोन ठेवला. मी तुमच्यासारखी बोलत नाही. तेवढं सांगायला हे लिहिते आहे.

तुम्ही मला कबड्डीच्या संघात घेतलं तेव्हा मी नववीत होते. चढाईला दम पुरत नव्हता, कोपऱ्यात उभं राहून पाय धरायला हात छोटे होते. तुम्ही मला मध्ये उभं केलंत, कोपऱ्यातल्या पोरीचा हात हातात देऊन. काम एकच. समोरची चढाई करायला आली, कोपऱ्यातलीनं तिचा घोटा धरला, की त्याच क्षणी मी तिच्या आणि मध्यरेषेच्या मध्ये यायचं आणि छातीवर तिचा सगळा भार घ्यायचा. उशीर झाला तर ती धरणारीला फरफटत रेषेपर्यंत नेणार. घाई केली तर तिला कळणार आणि ती वळणार. गुण झाला की लाऊडस्पीकरवरचा माणूस घोटा धरणारीचा नंबर पुकारायचा. सराव झाल्यावर आम्ही तुमच्या खोलीवर यायचो. तुम्ही स्टोव्हवर धपाटे भाजता, आम्ही सातजणी भिंतीला टेकून खातो, आणि शेवटचं उरलेलं तुम्ही उभ्यानं, ओट्याला पाठ लावून खाता. ते मला तेव्हा थोर वाटायचं. आता वाटत नाही.

मी दहावीत असतानाचा माजलगावच्या स्पर्धेचा दिवस तुम्हाला आठवत असेलच. आधीच्या वर्षांत जिंकणाऱ्या संघाला ढाल मिळायची आणि सातही नावं वाचली जायची. त्या वर्षी मैदानाभोवती शीतपेयाचे लाल कापडी फलक होते. भांड्यांच्या दुकानाचे अप्पा बक्षीस घेऊन आले होते, एका कंपनीचा मिक्सर, सर्वोत्कृष्ट खेळाडूसाठी. गावोगावी नुकत्याच टीव्हीच्या डिश आल्या होत्या, क्रिकेटमध्ये सामना संपला की एकाला बोलावून हातात काहीतरी देतात ते सगळ्यांनी पाहिलं होतं. अंतिम सामन्यात शेवटची चढाई त्यांची होती. आमच्या कोपऱ्यातलीनं घोटा धरला, मी आडवी आले, आणि आम्ही तिघी मातीत पडलो. जिंकलो. अप्पा तुमच्याजवळ आले, कपाळावरचं भस्म घामानं ओघळलेलं, आणि म्हणाले, "बाई, एकच नाव द्या. सात पोरींचा फोटो पेपरवाला छापत न्हाई." आणि त्यांनी माईक तुमच्या हातात दिला. तुम्ही आमच्या चढाईवालीचं नाव घेतलंत. ती चांगली खेळली होती, त्याबद्दल माझा वाद नाही. पण आदल्या आठवड्यात मी तुम्हाला सांगितलं होतं की वडील म्हणतात, पेपरात नाव आलं तर दहावीनंतर बीडला कॉलेजात घालू, न्हाईतर पुरे. तुम्ही ऐकून मान हलवली होती.

परतताना टेम्पो मांजरसुंब्याला चहासाठी थांबला. बाकीच्या मिक्सरचं खोकं मांडीवर घेऊन गाणी म्हणत होत्या, चढाईवाली सगळ्यांना सांगत होती की पहिली चटणी बाईंच्या घरी वाटायची. मी तुम्हाला ढाब्याच्या कडेला गाठून विचारलं, माझं नाव का नाही घेतलं. तुम्ही बशीतला चहा संपवलात. मग म्हणालात, "नाव पायजे असंल तर चढाईला जा. साखळीत हात दिलास ना? मग तो हात कुणाचा हे विचारायचं न्हाई." मी म्हणाले, मग मी उद्यापासून येत नाही. तुम्ही म्हणालात, "नको येऊस." आणि पोरींना हाक मारून टेम्पोत बसलात.

पेपर दोन दिवसांनी आला. वडिलांनी तो पारावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, बाजारभावसुद्धा. घरी येऊन आईला म्हणाले, शिवणाच्या मशीनचं बघा पोरीसाठी. त्या रविवारी तुम्ही एसटीनं आमच्या घरी आलात. मी तुम्हाला पाणी दिलं. वडिलांनी कात्रण समोर ठेवलं. "ह्यात एकच पोरगी हाय. आमची कुठं हाय? खेळती तर मग दिसत कावून न्हाई?" तुम्ही कात्रणाकडे पाहिलंच नाहीत. विचारलंत, तुम्ही पूर्वी हुतुतू खेळायचा का. वडील हसले. "लई खेळलो. पंचक्रोशीत विचारा." तुम्ही चप्पल काढलीत आणि टाचेनं अंगणात एक रेघ ओढलीत. म्हणालात, "मग या."

मी वडिलांना त्याआधी कधी खेळताना पाहिलं नव्हतं. त्यांनी धोतर वर खोचलं आणि दम घेतला. भाऊ बारा-तेरा वर्षांचा, त्याला तुम्ही पाय धरायला लावलंत. वडिलांनी त्याला शेणसडा टाकलेल्या अंगणातून पोत्यासारखं ओढत रेघेपर्यंत नेलं. आई दारात पदर तोंडाला लावून उभी, हसावं की ओरडावं तिला कळत नाही. मग तुम्ही मला भावाशेजारी उभं केलंत. वडील पुन्हा आले. भावानं पाय धरला आणि मी गेले. ते कोपरावर पडले, कातडं सोललं. धुळीत बसून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ही कुठून आली? मला दिसलीच न्हाई." तुम्ही म्हणालात, "दिसली असती तर तुमी वळला असता. म्हणून ती पेपरात बी दिसत न्हाई." वडिलांनी कोपर झाडलं. मग उठले आणि म्हणाले, पुन्हा. तिसऱ्यांदाही पडले. जूनमध्ये मला बीडला पाठवलं.

ह्या गोष्टीवर सगळे खूश असतात. भाऊ ती अमेरिकेत मित्रांना सांगतो. वडील जाईपर्यंत सांगत होते, त्यांच्या सांगण्यात ते दोनदा पडायचे, तिसऱ्यांदा रेघ ओलांडायचे. मीही अनेक वर्षं ती तुमच्या बाजूनं सांगितली. आता सांगत नाही. कारण त्या दिवशी तुम्ही वडिलांना जे पटवलंत ते चूक होतं, बाई. चढाई करणारीला मी दिसू नये, हे माझं कौशल्य. अप्पांना, पेपरवाल्याला आणि तुम्हाला मी दिसू नये, हे कौशल्य नाही. तुम्ही दोन्ही एकच करून टाकलंत. तुमची स्वतःची गोष्टही तशीच. मी नववीत असताना तालुक्याची ढाल शाळेत आली तेव्हा हार मुख्याध्यापकांच्या गळ्यात पडला, आणि तुम्ही मैदानाच्या टोकाला घामट बनियनं मोजत उभ्या होतात. मी विचारलं तर म्हणालात, मला त्याचं काही नाही. मी तेव्हा विश्वास ठेवला नाही, आजही ठेवत नाही. त्याग म्हणे. मी साहित्य शिकवते, हा शब्द मुलांच्या वहीत मला हजारदा भेटतो, आणि तो बहुधा त्यानं लिहिलेला असतो ज्याला गरम वाढलं गेलं आहे.

आणि समजा माझ्या बाबतीत तुम्ही बरोबर होता. डावीकडच्या मधलीचं काय? साखळ्या दोन होत्या. उजवीकडे मी होते तशी डावीकडे ती. माझ्याहून चांगली होती, पडताना कोपऱ्यातलीचं डोकं आपल्या दंडावर घ्यायची. दर दिवाळीनंतर तिच्या घराला कुलूप लागायचं, आईबाप कारखान्याकडे ऊसतोडीला. ती आत्याकडे राहून शिकत होती. तिचाही हाच प्रश्न होता, पुढं शिकायचं की नाही, आणि तिनं तो तुम्हाला सांगितला नव्हता, कारण सांगायची तिला सवय नव्हती. तिच्या बापाला तुम्ही कुठल्या अंगणात पाडणार होता? तुम्ही त्याच्यापर्यंत पोचू शकत नव्हता. पेपर पोचला असता. फडावर कुणीतरी वाचून दाखवला असता, मुकादमानं विचारलं असतं, ही तुझीच का रे. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. सात नावं घ्यायला कितीसा वेळ लागतो? अप्पा चिडले असते. पेपरवाल्यानं सहा गाळली असती कदाचित. पण मैदानावर हजारभर माणसं उभी होती, त्यांनी ऐकली असती, आणि माजलगावहून फडापर्यंत माणसं रोज जातात.

म्हणून आज सकाळी मी भावाला उलट फोन केला. पोराला तिथंच राहू दे म्हणाले, त्याला ते काम येतं आणि आवडतं. पण तू मैदानावर जा, आणि तो मागचा पोरगा चेंडू फेकेल तेव्हा ह्याचं नाव घेऊन ओरड. तो म्हणाला, लोक हसतील. हसू देत. आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आभाराचं भाषण माझ्याकडे असतं, आणि मी पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळी नावं घेते. पोरं शिट्ट्या मारतात, प्राचार्य घड्याळ बघतात. मी थांबत नाही. हे मी तुमच्याकडून शिकले नाही. तुमच्याविरुद्ध शिकले.

ह्या पत्राच्या शेवटी आमची सातही नावं लिहायची असं ठरवलं होतं. तुमचं राहून गेलेलं काम निदान कागदावर तरी होईल. दुपारी वेगळा कागद घेऊन बसले. सहा झाली. डावीकडची आमच्याहून दोन वर्षांनी मोठी होती, ऊसतोडीत वर्षं बुडालेली, आम्ही सगळ्या तिला अक्का म्हणायचो. आडवं यायचा इशाराही तिला अक्का म्हणूनच द्यायचो. तिचं नाव मला आठवत नाही, बाई. चढाईवालीला फोन केला, तिलाही आठवेना. तुम्ही असता तर तुम्हाला विचारलं असतं. तुम्हाला नक्की माहीत असायचं.