लाल शाईखालचं नाव

चि. कल्पितास अनेक आशीर्वाद.

इतक्या उशिरा लिहितोय, माफ कर. तुझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली. अशी तीन पत्रं लिहून ट्रंकेत ठेवलीत. पोस्टात टाकायला धीर झाला नाही.

तुझी लग्नपत्रिका छपाईआधी, जिच्यावरून छापतात ती फिल्म काढायला आमच्याच वर्तकनगरच्या दुकानात आली होती. मालक धनेशशेठ हसून म्हणाले, "परशुरामकाका, घरचं काम आहे, नीट काढा हां!" मी फिल्म धुण्याच्या मशीनचे रोलर धुतले, आधी एक वाया गेलेली फिल्म फिरवून पाहिली, मग तुझी घातली. ती कोरडी, गरम बाहेर आली. उजेडाला धरली तर काळ्या फिल्मवर आईच्या नावाशेजारी माझं नाव चमकत होतं. हे लग्न मला मान्य नव्हतं, मी येणार नाही म्हणालो होतो, तरी तू ते घातलंस. मला राग आला. ब्रशने नावावर लाल शाई फिरवली. शाई लावलेलं छापलं जात नाही.

त्या मोकळ्या जागेवरून तू छापखानेवाल्याशी भांडलीस, असं आईने सांगितलं. त्याची चूक नव्हती गं. मी गप्प बसलो.

गेल्या महिन्यात मशीन भंगारात गेलं. जुन्या फिल्म टाकून देताना तुझी सापडली. काल ओल्या कापसाने शाई पुसली. नाव जसंच्या तसं आहे, एक चरासुद्धा नाही. पुन्हा काही होईल म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलीय.

ती घेऊन शीळफाट्याला तुझ्या दारी येऊ का? तेवढं लवकर कळव.

तुझा बाबा,
परशुराम