तहाच्या दगडावरची डुलकी

ती. ताई,

दोन्ही हात जोडून नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि रेडिओच्या आवाजावरून चालणारं तुम्हा दोघांचं भांडण, तिन्ही दुखणी आपापल्या जागी सुखरूप असतील असं धरून चालतो. माझी तब्येत ठणठणीत आहे. झोप तर गरजेपेक्षा जास्तच चांगली लागते, आणि हे पत्र त्याच झोपेबद्दल आहे.

ही गेल्यापासून मी दुकान आणि घर यांच्यापलीकडे पाऊल टाकलं नाही, असं सारखं ऐकवून तू मला त्या सहलीच्या बसमध्ये बसवलंस. वनउद्यान, तळं आणि ऐतिहासिक वास्तू, सगळं एका दिवसात. गेलो बाई. बसमध्ये पुसायला म्हणून चष्मा काढून मांडीवर ठेवला, डुलकी लागली आणि उतरताना त्याच्यावरच पाय दिला. (अख्खा जन्म लोकांना चष्मे विकणाऱ्या माणसानं हे करावं. भाऊजींना सांगू नकोस, वर्षभर पुरवून पुरवून हसतील.)

पण ताई, चष्म्याशिवाय जग काय सुरेख दिसतं, हे मी धंद्याच्या भीतीनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. झाडांना कडाच नव्हत्या. हिरव्यात हिरवं मिसळत गेलं होतं आणि त्यातून ऊन दुधासारखं खाली येत होतं. तळं कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं हे ठरवायची कुणाला घाई नव्हती. एका बाकावर टेकायला गेलो तर तो बाक उठून जंगलात निघून गेला (हरीण असावं). मला कशाचंच काही वाटेना. ही बरोबर असती तर म्हणाली असती, चला हो लवकर, लोक पुढे गेले. लोक खरंच पुढे गेले होते.

आमच्या वाटाड्याकडे निळी छत्री होती. मी इमानेइतबारे निळ्या छत्रीच्या मागे चालत राहिलो. ती छत्री दुसऱ्याच कुणाची आहे हे कळायला मला दुपार उजाडली. छत्रीमागून एका पडक्या सभामंडपात पोहोचलो. मधे एक लांबरुंद गुळगुळीत दगड. इथे म्हणे कुठल्याशा दोन राजांनी भांडून भांडून थकल्यावर तह केला होता. दगडाच्या एका बाजूला पाचसहा माणसं, दुसऱ्या बाजूला तेवढीच. मला पाहताच सगळे उभे राहिले. कुणी पाठीला उशी दिली, कुणी फळं कापून हातात ठेवली, आणि मला दगडाच्या बरोबर मधोमध बसवलं. मी मनात म्हटलं, सहलवाल्यांची व्यवस्था चोख आहे.

ती सहल नव्हती. ते लग्न ठरवायला जमलेले लोक होते. मुलगी त्याच उद्यानात वनरक्षक, तिला रजा मिळेना, म्हणून बैठक तिच्या जेवणाच्या सुट्टीत तिथेच भरलेली. मुलीकडच्यांना वाटलं मी मुलाकडचा थोरला, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचा. आणि पहिल्याच भेटीत हे कोण म्हणून विचारायचं कसं? दोन्ही घरं फार सभ्य. सभ्यपणानं माणसाची किती गैरसोय होते, नाही?

गाडं अडलं होतं एकाच गोष्टीवर. मुलाच्या आईला सुनेनं नोकरी सोडायला हवी होती, आणि मुलगी म्हणत होती, जंगल सोडायचं असेल तर लग्नच नको. मुलगा दोघींच्या मधे बसून गवत उपटत होता. मी मात्र पोटभर फळं खाऊन केव्हाच पेंगलो होतो. स्वप्नात त्या तहातला एक राजा दुकानात आला, चष्मा लावून बघितला आणि म्हणाला, नंबर बरोबर आहे ना? मी मान डोलावली. नेमक्या त्याच क्षणी मुलीच्या वडिलांनी मला विचारलं होतं, "काका, तुम्ही मोठे आहात, तिनं नोकरी चालू ठेवली तर चालेल ना?" मग मुलाच्या आईनं, मला मुलीकडचा समजून, विचारलं, "पण तिला घर आणि रात्रीची गस्त दोन्ही झेपेल, असं तुम्ही खात्रीनं सांगता?" मी पुन्हा मान डोलावली. झालं! मुलीकडच्यांना मुलाकडचा होकार मिळाला आणि मुलाकडच्यांना मुलीकडची हमी. मी उठलो तेव्हा लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते.

हे सगळं मला मागाहून त्या मुलीनंच सांगितलं, बसपर्यंत पोहोचवायला आली तेव्हा. म्हणाली, "काका, तुम्ही आमच्यापैकी कुणाचेच नाही. सकाळी तुम्हाला बसमधून उतरताना मीच पाहिलं होतं." मी ओशाळलो. मग बोलली का नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, "म्हटलं, कुणीतरी हो म्हणतंय तर म्हणू दे." माझा पत्ता लिहून घेतला आणि पुन्हा झाडांत शिरली. हिरव्यात तिचा गणवेश बराच वेळ वेगळा काढता येत होता, मग नाही आला.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. लग्नाचं निमंत्रण आलंय. पत्रिकेवर तिनं स्वतःच्या हातानं लिहिलंय, ‘आमच्या बाजूनं या, सहकुटुंब.’ आता माझं कुटुंब म्हणजे तू आणि भाऊजी. तेव्हा खळखळ न करता दोघं या. एकट्या माणसाची बाजू कशी दिसणार?

आणखी एक ता. क. पहिल्यांदा मान डोलावली ती झोपेतच, राजासाठी. दुसऱ्यांदा मी टक्क जागा होतो. डोळे जरासे किलकिले केले, तर अगदी जवळ त्या मुलीचे हात दिसले, एकमेकांत घट्ट धरलेले. मान हलवली आणि पुन्हा घोरायला लागलो. हे तिला लग्नात सांगू नकोस. मी त्यांच्यापैकी कुणाचाच नाही, हे त्यांच्या प्रश्नावरून मला तेव्हाच कळलं होतं, तसं सांगून उठायला हवं होतं. पण ताई, ही गेल्यापासून मला कुणी काही विचारलंच नव्हतं गं.