सायकलीची खांदशेकणी

३ ऑगस्ट, रविवार

बनली! बनली एकदाची!

सकाळपासून शेडमध्ये ठोकपीट चालली होती, ती एकदम थांबली. मला वाटलं, घेतली बोटावर हातोडी. जाऊन पाहते तर आमचा जितेंद्र — वय चोपन्न, डोक्यावर चंद्र उगवलेला — सायकलीभोवती फेऱ्या मारून राहिला. त्याच्या लग्नात भटजींनी ढकलून ढकलून फेरे घ्यायला लावले होते त्याला.

कामठीत एक हॉटेल बंद पडलं. पाहुण्यांना फिरवायला ठेवलेल्या तीन जुन्या क्रूझर त्याने तिथून उचलून आणल्या. क्रूझर म्हणजे वाकड्या दांडीची, पसरट सीटची, वजनाला म्हशीसारखी सायकल. वर बसलं की साधा बाबूही गावाचा मालक, मालगुजार दिसतो. त्यातल्या एकीचे मडगार्ड काढले, चेनकव्हर काढलं, स्टँड काढलं. मोटारसायकलचं रुंद हँडल लावलं, मोपेडच्या ब्रेकच्या मुठी लावल्या; आता नवे टायर आणि ब्रेक तेवढे राहिले. अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी काही पोट्ट्यांनी जुन्या सायकली अशाच सोलून काढल्या आणि डोंगरावरून खाली सोडल्या म्हणे. आमच्या साहेबांना पेन्शन जवळ आल्यावर तो डोंगर दिसला!

"कॅरिअर बी काढलं? मंग बायको कुठं बसन?"

"आई, हे डोंगरात जायची सायकल आहे!"

"मंग बायकोले डोंगर वर्ज्य आहे का गा?"

जितेंद्र खाली वाकून पान्हा शोधून राहिला.

४ ऑगस्ट, सोमवार

कालचं बोलणं फोनात नीट उतरलं का, कोण जाणे. नातीने — नूपुरने — पुण्याला जायच्या आधी ही सोय करून दिली. मी बोलायचं, फोनने लिहायचं, वर तारीखही त्यानेच टाकायची. मला अक्षर येत नाही. पण बोलणं कधी कुणाकडे उसनं मागायला गेले नाही! सून भाजीला गेली की मी फोन घेऊन बसते. लिहिलेलं मला वाचता येत नाही हे बरंच — आपल्याच चहाड्या आपल्याच डोळ्यांसमोर नकोत.

७ ऑगस्ट, गुरुवार

नवे टायर बसले. बैलाच्या खुरांसारखे गट्टे आहेत त्यांना. शेजारणीला दाखवायला दोनदा हाक मारली. दुसऱ्यांदा ती आली नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आज ब्रेक लागले. जितेंद्रने मला समोर बसवून दाखवलं — मूठ दाबली की दोन रबरी तुकडे चाकाची लोखंडी कड दोन्हीकडून धरतात. सासू-नणंद मिळून नव्या सुनेला धरतात तसे. चाक जागच्या जागी उभं! मी टाळ्या वाजवल्या. पुन्हा फिरव म्हटलं. पुन्हा उभं!

कामिनीने — सुनेने — दारातून पाहिलं आणि म्हणाली, "ब्रेक चांगला लागते. हाडं लागाले वेळ लागते."

तिचंही खोटं नाही. मागच्या वर्षी हा स्कूटरवरून पडला, गळ्याखालचं हाड मोडलं. ती त्याला घास भरवून राहिली होती कितीतरी दिवस. म्हणून या सायकली घरात आल्या तेव्हा तिने एकच अट घातली, ती आज पुन्हा ऐकवली. "गणपतीच्या आत एकदा जरी पडले ना, तर सायकल, ते बाकीचे दोन ढाचे, पाने, हातोड्या — सगळं भंगारात! बाप्पाले शेडमध्येच बसवीन."

जितेंद्र "हाव" म्हणाला. हा मुलगा बायकोसमोर "हाव" म्हणतो तेव्हा त्याला खरंच ऐकू आलेलं असतं.

१७ ऑगस्ट, रविवार

ठरलं! पुढच्या रविवारी कळमेश्वरच्या पुढे टेकडीवर. सायकलवाल्यांचा एक घोळका तिथे मुरुमाच्या वाटेने खाली उतरतो. जितेंद्रच्या ऑफिसातला शालिकराम आहे ना, त्याचं वावर त्या टेकडीच्या पायथ्याशी. आम्ही सासू-सुना वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून पाहणार. कामिनी यायला तयार झाली. पडल्याचा पुरावा डोळ्यांनी पाहायचा असेल.

मी कोणतं लुगडं नेसू?

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पोळा. आज खांदशेकणी.

माझ्या माहेरी पोळ्याच्या आदल्या सांजेला बाबा कोमट तुपात हळद कालवायचे आणि पळसाच्या पानाने बैलांचे खांदे शेकायचे. वर्षभर जू वाहिलेलं असतं. कानात सांगायचे — आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. लग्न होऊन शहरात आले तसा बैल संपला. फ्लॅटवाले शेजारी मातीचा बैल आणतात, चार इंचांचा. त्याचा खांदा शोधायला चष्मा लागतो.

यंदा म्हटलं, आपल्या शेडमध्ये आहे की जनावर! रविवारी डोंगर उतरणार आहे. जितेंद्र ऑफिसात, कामिनी पुरणाची डाळ आणायला गेलेली. घरचं कढवलेलं तूप घेतलं, हळद घातली. पळसाचं पान कुठून आणू? फडक्याचा बोळा केला. आता सायकलीचा खांदा कोणता? आधी हँडलच्या मानेला लावलं. मग मनात आलं, जू तर चाकं वाहतात. दोन्ही चाकांच्या कडा गोल फिरवून फिरवून शेकल्या. हात आखडला नाही. वरून कोरड्या फडक्याने चमकवल्या. अशी झळकली!

कान नाहीत, म्हणून घंटीत सांगितलं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. पुरणपोळीचा पहिला तुकडा सायकलीला दाखवला. जितेंद्र हसला. कामिनीसुद्धा हसली — मी पाहिलं!

२४ ऑगस्ट, रविवार

काय सांगू, कसं सांगू!

सायकल टेम्पोत घालून थेट टेकडीवर नेली. तिथे दहा-बारा जण. काळे चष्मे, चकचकीत टोप्या, काडीसारख्या हलक्या महागड्या सायकली. त्यात आमची तपकिरी म्हैस. एक पोरगी म्हणाली, "काका, ही कुठून घेतली? एकदम भारी आहे!" खालून मला ऐकू आलं नाही; जितेंद्रचा फोन चालू होता, माझ्याजवळ बसलेल्या शालिकरामने त्यावर ऐकून सांगितलं. पण माझी मान ताठ झाली.

आणि निघाला! मुरुम उडून राहिला, सायकल उड्या मारून राहिली, आणि वर आमचा साहेब, कोपरं फाकवून, जसा शंकरपटाच्या शर्यतीत बैल हाकणारा धुरकरी! एकाला मागे टाकलं. दुसऱ्याला टाकलं. मी धुऱ्यावर उभी राहून ओरडत होते — "हाण! हाण गा!" शहात्तर वर्षांची बाई मी. लाज कुठे गेली होती, देव जाणे.

मग पाहिलं की वळण आलं, आणि याचा वेग कमी होत नाही. मुठी आवळलेल्या दिसत होत्या. दोन्ही. सायकल ऐकतच नव्हती. वळण राहिलं बाजूला, हा सरळ! धुरा ओलांडला, शालिकरामच्या सोयाबीनमध्ये शिरला आणि दिसेनासा झाला.

कामिनी धावली. पदर खोचायला थांबली नाही. एक चप्पल धुऱ्यावरच राहिली.

तो उठून बसला. गुडघा खरचटलेला, कानात सोयाबीनची पानं. हाड एकही मोडलं नाही. वरचे सगळे टाळ्या पिटत होते — त्यांना वाटलं, काकांनी मुद्दाम सोडली! पण जितेंद्र हसत नव्हता. चाकाकडे पाहून म्हणाला, "ब्रेक लागलाच नाही."

मीही चाकाजवळ वाकले. कड गरम होती. आणि वास आला. घरच्या तुपाचा. खमंग.

मी तोंड बंद ठेवलं. माझं तोंड बंद! जितेंद्रला त्याच वेळी संशय यायला हवा होता.

२५ ऑगस्ट, सोमवार, सकाळ

सुट्टी घेतली त्याने. चहा घेतला आणि अंगणातच बसून राहिला. शेडमध्ये गेला नाही. सायकल उघडून पाहिली नाही.

"काहून गा, पाह्य तरी काय बिघडलं ते."

"बिघडलं काही नाई, आई. माझ्या हाताले ते जमत नाई. ब्रेक लावता येत नाई अन् निघालो होतो सायकली बनवाले."

भंगारवाल्याला त्याने स्वतःच फोन केला. उद्या ये म्हणाला. कामिनीने अटीची आठवणसुद्धा करून दिली नव्हती अजून! ती आत भाजी चिरून राहिली.

मी तुपाचा डबा फळीवर पार मागे सरकवून ठेवला.

२५ ऑगस्ट, सोमवार, दुपार

जेवण झाल्यावर ठरवलं, आता सांगायचंच. अंगणात गेले तर नळापाशी कामिनी. सायकल आडवी पाडलेली, हातात भांड्याची घासणी, चाकाची कड घासून राहिली. पाणी टाकलं की त्याचे थेंब होऊन घरंगळून जात होते. पिवळे.

मागे वळून न पाहता म्हणाली, "आई, तूप घरचंच होतं ना?"

"हाव."

"तरीच निघून नाई राहिलं." पुन्हा घासू लागली. "त्यायले तुम्ही सांगता का मी सांगू?"

"मीच सांगतो वं."

सांगितलं. सगळं. खांदा शोधला ते, चाकं शेकली ते, घंटीत आवतण दिलं ते. जितेंद्र खुर्चीतून खाली बसला आणि हसायला लागला. डोळ्यांतून पाणी!

"म्हणजे ब्रेक बरोबर होता? आई, ब्रेक बरोबर होता?"

"तुह्या ब्रेकले काय झालं? बैलाले आवतण दिलं, बैल जेवाले चालला होता!"

उठून धावला. धुतलेलं चाक फिरवलं, मूठ दाबली. उभं! पुन्हा फिरवलं. उभं!

कामिनीने हात पुसले. "ब्रेकचं समजलं. पण पडले तर होते," एवढंच म्हणाली आणि आत गेली. जितेंद्रचं हसू तिथेच थिजलं. अट ती अट. भंगारवाला उद्या येणारच आहे, आणि त्याला नको म्हणायचं तोंड या घरात आता फक्त तिचं.

मी दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. माझं काय तोंड?

२६ ऑगस्ट, मंगळवार

आज हरतालिका. कामिनीला पाण्याचा थेंबही नाही. भंगारवाल्याची हातगाडी दारात आली. जितेंद्र शेडची किल्ली हातात घेऊन उभा होता. कामिनीने ती घेतली नाही. फाटकाबाहेर गेली, हातगाडीत वाकली, पाईप आणि पत्रे बाजूला सारले आणि खालून एका लेडीज सायकलीचा गंजलेला, वाकड्या दांडीचा सांगाडा ओढून काढला.

"अहो, पकडा ना इकडून. हे माझ्या उंचीले बसन का?"