गॅरेजची मागची भिंत

९ मार्च, सोमवार. धुळे
गॅरेज पाडा म्हणून नोटीस आली. ‘जीर्ण व धोकादायक.’ तीस दिवसांची मुदत. पोस्टमनने सही घेतली तेव्हा वाटलं पेन्शनचं काहीतरी असेल.
एकतीस वर्षं उभं आहे. वेल्डिंग मी स्वतः केलेलं. आजवर कुणाला धोका वाटला नाही, आता कुणाच्या पोटात दुखलं?

१० मार्च
महापालिकेच्या ऑफिसात जाऊन आलो. क्लार्कने फाइल दाखवली. तक्रारअर्ज विलासचा. सख्खा धाकटा भाऊ, आमच्या मागच्याच प्लॉटवर राहतो. अर्ज टाइप केलेला. ‘सदर गॅरेजची मागील भिंत माझ्या अंगणाकडे कललेली असून जीवितास धोका आहे.’ सदर म्हणे! गॅरेजच्या मागच्या दाराने आलं की माझा ओटा. तेवढं येऊन तोंडाने सांगता आलं नाही, स्टँडजवळच्या टायपिंगवाल्याकडे जाता आलं.
हेच गॅरेज उभं करताना अँगल धरायला हाच होता. दोन दिवस शाळा बुडवली म्हणून आबांचा मारही खाल्ला होता.
चहा कडू लागतोय.

१३ मार्च
रऊफ मिस्त्री येऊन माप घेऊन गेले. अँगल नि पत्रे, सव्वा लाख. विटांच्या भिंती, वर स्लॅब, पावणेचार. पाडकाम नि डबर उचलणं त्यातच.
विचारलं, मागची भिंत किती वर नेता येईल? म्हणाले, “गाडी ठेवायची ना भाऊ, हत्ती तर नाही. आठ फूट खूप झाले.”
म्हटलं, अकरा.
ते विलासच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत राहिले. विलासच्या घरात पश्चिमेचा वारा येतो तो तिथूनच. उन्हाळ्यात कूलरही त्याच खिडकीत. मिस्त्री समजले.

१४ मार्च
एफडी मोडायचं ठरवलं. सौ. म्हणाली, “त्या पैसा मना कमोडना शेतस ना?”
गुडघे गेलेत तिचे. खाली बसवत नाही, बसली तर उठवत नाही. घरात कमोड बसवायचं दोन वर्षं चाललंय, पैसे त्यासाठीच ठेवलेले. म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की.
“बरं. मंग मांगे दार तरी ठेवा.”
दार? ज्याने अर्ज केला त्याच्या अंगणात उघडणारं दार? म्हटलं, नाही. भिंत धरत आत गेली.

१७ मार्च
पाडलं. मिस्त्रींनी मागच्या भिंतीला पहार लावली नि ती एका झटक्यात गेली. बुडाच्या विटांना लोणा लागून पीठ झालेलं. एक माझ्या हातात दिली, ती हातातच फुटली. “भाऊ, अल्लाची मेहेरबानी, खाली कुणी नव्हतं.”
म्हणजे अर्जात होतं ते खरं. खरं होतं म्हणून जास्त डोकं फिरलंय. खोटं असतं तर चार लोकांत त्याला उभा-आडवा घेतला असता.
विलास गच्चीवरून बघत होता. हातात कप. फुर्र करून पीत होता, खालपर्यंत ऐकू आलं.

२५ मार्च
भंगाराचे सात हजार आले, पायाच्या खोदकामात नऊ हजार जास्त गेले. काळी माती लागली, खोल जावं लागलं.
मुलीचा जळगावहून फोन. “पप्पा, गॅरेजला पावणेचार लाख? गाडी तरी दीड लाखाची आहे का तुमची?” आईने कळवलं असणार. म्हटलं, आखाजीला येशील तेव्हा बघ.
आखाजीच्या आत संपवायचंच. अक्षय्य तृतीयेच्या सणाला विलासची लेक माहेरी येईल, जावई येईल, व्याही येतील. बसवू दे त्यांना त्या स्वयंपाकघरात वाऱ्याशिवाय. घामाघूम व्याही डोळ्यांसमोर आणतो नि मिस्त्रीचं बिल भरतो. बिल हलकं वाटतं.

३१ मार्च
मागची भिंत आठ फुटांवर आली. विलासच्या घराचं जोतं उंच आहे, त्यामुळे खिडकीची खालची कड आत्ता कुठे गाठली. वर तीन फूट राहिले.
पाण्याचे वांधे. नळ आठ दिवसांनी. मिस्त्री म्हणतात, “दिवसातून तीनदा पाणी मारा भाऊ, नाहीतर ही पण जुनीसारखीच होईल.” टँकर एकदा आणला. बाकी बादलीने. या उन्हात मारलेलं पाणी बघता बघता सुकतं. बोअर आहे विलासकडे.
मेलो तरी मागणार नाही.

३ एप्रिल
सकाळी भिंत ओलीचिंब. मी बादली उचललीच नव्हती. मिस्त्रींना विचारलं, तेही नाही म्हणतात.

४ एप्रिल
सापडलं. पलीकडून नळीची धार भिंतीवर, भिंतीवरून माझ्या अंगावर. ज्योती. विलासची बायको. मी तिचा जेठ, थोरला दीर, म्हणून ती माझ्यासमोर पदर घेते, बोलत नाही. मीही तिच्याशी कधी सरळ बोललेलो नाही. म्हणून सौ.ला बाहेर बोलावलं नि मोठ्याने म्हटलं, “त्यांना सांग, आमच्या भिंतीला कुणाचे उपकार नकोत.”
पलीकडूनही सौ.लाच उत्तर. “आक्का, भाऊस्ले सांगा, उपकार नही. भिंत कच्ची ऱ्हायनी ते आम्हनाच आंगवर पडी.”
आणि धार पुन्हा सुरू. सदरा भिजला. सौ. तोंडाला पदर लावून हसत होती. खाते माझ्या घरात!
आपलाच वारा अडवणारी भिंत आपल्याच पाण्याने पक्की करताहेत. करा म्हणावं. फुकट आहे.

८ एप्रिल
लिहायला बसवत नाही, पण लिहितो.
आज फिरायला गेलो नाही, पाय मुरगळला होता. ओट्यावर बसलो होतो तर सौ. काठी घेऊन फाटकाबाहेर. लोकांच्या कंपाउंडला धरत धरत कोपऱ्यावरून वळली. वाटलं चालली माझ्या चुगल्या करायला. लंगडत मागे गेलो. विलासच्या फाटकात ज्योती उभी. तिने हात देऊन पायरी चढवली.
वीस मिनिटांनी बाहेर आली. मला पाहून थांबली. विचारलं, काय काम होतं?
“कमोडवर जास. वरीस व्हयनं.”
विलासने मागच्या वर्षी बसवला. ज्योतीच म्हणाली होती, आक्का, इकडेच येत जा. मी सकाळी फिरायला गेलो की ही गॅरेजच्या मागच्या दाराने जायची. त्या कललेल्या भिंतीखालून, रोज.
“मी दार ठेवा म्हनं व्हतं,” एवढंच बोलली. रडली असती तर बरं झालं असतं.

९ एप्रिल
दिवाळीत विलास आला होता. “भाऊ, ती भिंत एकदा पाहा.” मी काय म्हणालो ते आज आठवलं. “तुझ्या बापाची आहे का भिंत?” दोघांचा बाप एकच.
तरी अर्ज द्यायचा नव्हता. पुन्हा यायचं होतं, माझ्याशी भांडायचं होतं. सौ.ची काळजी होती तर तसं सांगायचं होतं. सौ. म्हणते, तिनेच विलासला शपथ घातली होती, ह्यांना कळू देऊ नका. सगळ्यांना सगळं माहीत. मला तेवढं टायपिंगवाल्याकडून.
राग कमी झालेला नाही. कुणावर आहे ते तेवढं धड सांगता येत नाही.

१० एप्रिल
मिस्त्रींना विचारलं, आठ फुटांवरच स्लॅब टाकला तर? आता चारी भिंती आठला आल्यात, प्रत्येकीचे तीन फूट वाचतात. म्हणाले, “तेवढ्यात भाभींचं कमोडचं काम होऊन जाईल भाऊ.” त्यांना कुणी सांगितलं कुणास ठाऊक.
पण आठवर थांबलो म्हणजे खिडकी उघडी राहिली. आखाजीला व्याही वाऱ्यात बसून आमरस खाणार. विलास जिंकला.
उद्या सांगतो म्हटलं.

११ एप्रिल
विलास कोपऱ्यावर भेटला. महिन्यात पहिल्यांदा तोंड उघडलं. “भाऊ, वहिनीले रस्तावरतून येवाले त्रास व्हस.”
म्हटलं, “मग अर्ज दे ना.”
त्याचं तोंड एवढंसं झालं. फार बरं वाटलं. घरी येईपर्यंत.

१३ एप्रिल, सोमवार
वरच्या थरांच्या विटा येऊन पडल्यात. मिस्त्री दहाला येणार. काल त्यांनी दोनदा विचारलं, आठ की अकरा. सकाळी सांगतो म्हटलं.
पलीकडून धार चालू आहे. ज्योती एक दिवस चुकत नाही. भिंत एवढी पक्की झालीय की खिळा जात नाही.
सौ. चपला घालतेय. एका हाताने दार धरलंय, दुसऱ्याने गुडघा. आमच्या फाटकापासून त्यांच्या फाटकापर्यंत तिची दोनशे चौदा पावलं होतात. काल ओट्यावर बसून मोजली, मग ती वळल्यावर कोपऱ्यापर्यंत जाऊन उरलेली मोजली.