सात रस्त्यावर झाकलेलं तोंड

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥

सोलापूर, ता. ७ मे १९३३

श्री. बाळासोदादास बिरप्पाचा शि. सा. न. वि. वि. इकडं मी खुशाल, तिकडची खुशाली कळवावी. आबा मेंढरं घेऊन घाटाकडून परतले का? आईचे गुडघे कसे आहेत?

दादा, एक गाढवपणा झालाय. तू चुलतभाऊ असलास तरी सख्ख्यासारखा म्हणून तुझ्यापाशी कबूल करतो. गिरणीच्या ऑफिसात हेडक्लार्कांना आमचे गाल रोज गुळगुळीत लागतात. सात रस्त्याच्या चौकातल्या न्हाव्यापुढं रविवारी निम्मी गिरणी बसलेली असते. म्हणून बाजारातून जुना वस्तरा आणला नि स्वतःच शिकायला लागलो. शेजारच्या खोलीतला शंकरप्पा मागावर कामाला आहे, त्यानं सगळं नीट दाखवलं. दाढी गरम पाण्यानं भिजव, वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर ओढून घे, डाव्या हातानं कातडं ताण, पातं गालाला निजवून धर, उभं करू नको. महिनाभर नुसत्या गालांवर हात बसव, ओठाकडं जाऊ नको, असं त्यानं दोनदा बजावलं.

पहिल्या दिवशी तीन ठिकाणी कापलं, तुरटी लावताना ब्रह्मांड आठवलं. आठव्या दिवशी मात्र रक्त निघालं नाही आणि माझ्या अंगात आलं. मिशीची कड जरा कोरावी म्हणून पातं वर नेलं, तर डावी अर्धी मिशी साबणात आली. मग उजवी बारीक केली, मग पुन्हा डावी. माकडानं लोणी वाटावं तसं करत करत सगळीच गेली.

बाप गेल्यावर काढायची मिशी मी आबा धडधाकट असताना काढून बसलोय. त्यात गेल्या सोमवारी सात रस्त्यावर आपल्या वस्तीवरचा गुंडा दिसला, घोंगड्या विकायला आला होता. त्यानं हाक मारली. मी फेट्याचा शेमला तोंडावर ओढला नि न बोलता बोळात शिरलो. त्याच दिवशी तुला लिहायचं, पण लाजेनं सहा दिवस घालवले. गुंडा काही बोलला तर आईला सांग की पोराचा हात घसरला, बाकी काही नाही.

शिव्या घाल, पण माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा, बिरप्पा


नातेपुते, ता. ११ मे १९३३

चि. बिरप्पास बाळासोचा आशीर्वाद. वि. वि. तुजं पत्र काल पोचलं. गुंडा दिसला त्याच दिशी लिवलं असतंस तर त्याच्या आदी पोचलं असतं.

गुंडा शुक्रवारी आला, ते आबा गेलं म्हनून सांगतच. भादरल्याला ओठ बगून कोन काय इचारतो? तू तोंड झाकून गेलास, त्याला वाटलं रडतुयास. आबांचा दोन म्हैने सांगावा न्हवता. घाटाकडं काय बरंवाईट झालं तर तार तुज्याच ऑफिसात येनार, आमाला कुटला पत्ता? समद्यांना खरंच वाटलं. मी चुलतीला, तुज्या आयला, म्हनलं, जरा दम धर, सोलापूरला मानूस धाडतो. तिनं ऐकलं न्हाय. उंबऱ्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या, कुकू पुसलं.

तिसऱ्या दिशी आबा मेंढरं हाकत आलं. दारात बाया रडत्यात बगून त्यांनीच इचारलं, कोन गेलं म्हनून.

आदी लई हसले. मेल्याची आवई उठली की आयुक्ष वाढतं, म्हनले. मग चुलतीचे रिकामे हात दिसले. त्यांनीच कासाराला बलावून तिला बांगड्या भरायला लावल्या. तिनं भरल्या, पर भ्या गेलं न्हाय. तुजं पत्र वाचून दावलं तर म्हनती, वस्तरा उगं घसरत न्हाय, देवानं सूचना दिली. आता आबा वड्याला गेलं तरी मागनं जाती.

दिवाळी झाली की मेंढरं पुन्यांदा घाटाकडं न्ह्यायची हायत. ती आबांना जाऊ देनार न्हाय, आन् हितं चारा कुटला? तवा तू दिवाळीला ये. तवर मिशाबी येतील. तुज्या तोंडनं ऐकलं तरच तिला पटंल. दुसऱ्या कुनाचं ऐकनार न्हाय ती.

लई रागावलोय, पर माया हाय ती हायच.

बाळासो


सोलापूर, ता. १५ ऑक्टोबर १९३३

श्री. बाळासोदादास सा. न. वि. वि. दिवाळीला येणं जमत नाही. ऑफिसात काम आहे, रजा मिळत नाही, असं लिहिणार होतो. खरं सांगतो, रजा मी मागितलीच नाही.

मिशा कधीच आल्यात. पण आईच्या हाताकडं बघायची छाती होत नाही. निघायचं म्हणून दोनदा बोचकं बांधलं नि सोडलं. दाढीला हात आता इतका बसलाय की शंकरप्पासुद्धा वाहवा करतो. ती वाहवा ऐकून जीव नको होतो. एवढं शिकायला मी काय घालवून बसलो ते त्याला ठाऊक नाही.

तूच तिला समजाव. तू बोलण्यात हुशार आहेस. होळीला नक्की येईन.

चुकलो तरी तुमचाच, बिरप्पा


नातेपुते, ता. १२ नोव्हेंबर १९३३

चि. बिरप्पास आशीर्वाद. वि. वि. मी समजावलं, वस्तीवरच्या जानत्यांनी समजावलं. निगायच्या दिशी चुलती वाटंत मेंढरांच्या म्होरं बसली. आबा म्हनले, ऊठ की, जनावरं उपाशी हायत. ती म्हनली, "एकदा रांडपन बगून झालंय माजं. दुसऱ्यांदा बगनार न्हाय."

आबांनी तिच्याकडं लई येळ बगितलं आन् मेंढरं माघारी वळवली. हितं वाळली काडी न्हाय. पंदरा दिस झाडपाला तोडून घातला, मग गेल्या बाजाराला समदी इकून टाकली. आज्यापंज्यापासनं चालत आल्याला कळप. नुसतं कुत्रं ऱ्हायलंय, ते दिसभर वाटंवर बसतं.

तू आला असतास तर? आसं मला रोज वाटतं. तुलाबी वाटावं म्हनून लिवतो.

आबा पाटंचं उठून मेंढरांच्या रिकाम्या वाडग्यात जाऊन हुबं ऱ्हात्यात. चुलती दारातनं बगत बसती. ती आता सुकात हाय, खरं सांगायचं तर. तुज्यावर आबांचा राग न्हाय. पोराला कुनी बोलू नगा, म्हनत्यात. काल माज्यापाशी बसून म्हनले, बिरप्पाला दोन वळी लिव. त्यांचं बोलनं हाय तसं लिवतो.

"बिरप्पा, तुज्या गिरनीच्या दारावर राकनीला म्हातारा मानूस घेत्यात का, इचारून कळीव. तुजी आय बी संगं यील. मला हुबं ऱ्हायची सवं हाय. दुसरं काय येत न्हाय."

उत्तर लगीच धाड. ह्या खेपंला सहा दिस लावू नगंस.

तुजा, बाळासो