देवीच्या पाठीवरची अक्षरं

शहापूर, बेळगाव
मार्च १९४७

प्रिय रुक्मा,

शिवरात्रीला तू दोन दिवस माहेरी राहिलीस, पण माझ्याशी धड बोलली नाहीस. निघताना उंबऱ्यात थांबून एवढंच म्हणालीस, "आप्पांना दिसत न्हवतं गं, अंजे. तू गप बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" तुझा टांगा वळेपर्यंत मी तिथंच उभी होते. तेव्हापासून हे पत्र तीनदा लिहायला घेतलं आणि फाडलं. तुला सगळं लोकांच्या तोंडून कळलं, आणि लोकांनी ते आपापल्या परीनं सांगितलं असणार. म्हणून घडलं तसं लिहिते. माझी बाजू मांडायची म्हणून नव्हे. ती मांडावी इतकी स्वच्छ नाही.

तुझे आप्पा इथं हायस्कुलात मास्तर होते आणि तुमचं बिऱ्हाड आमच्या हातमागाच्या घराला लागून होतं, ते दिवस हल्ली फार आठवतात. रविवारी आपल्या दोघींना किल्ल्यातल्या बस्तीत, त्या जुन्या जैन देवळात, न्यायचे, एका खांबासमोर उभं करायचे आणि मग पाठ फिरवायला लावून विचारायचे, काय काय दिसलं? तू भराभर सांगायचीस. वेलीला किती वळसे, कुठलं पान फुटलंय, हंसाची चोच कुठल्या बाजूला. मी अर्ध्यावर अडखळायचे. पुढं मुंबईच्या विद्यापीठात ते शिल्पकलेचा इतिहास शिकवायला लागले तेव्हाही त्यांची रीत तीच राहिली. वर्ग अंधारा करून काचेची चित्रं भिंतीवर टाकायचे आणि कितीतरी वेळ कुणाला तोंड उघडू द्यायचे नाहीत. गुंजीच्या रानातल्या देवीचं चित्र आलं की मात्र स्वतःच हळवे व्हायचे. त्यांचं अख्खं पुस्तक त्या मूर्तीवर उभं होतं, तुला ठाऊकच आहे. ही मूर्ती फार जुनी, दक्षिणेतली मोठी देवळं व्हायच्या आधीची. हिला घडवणारे हात आपल्याच रानातले, कुणाकडून शिकून आलेले नव्हेत, असं त्यांनी त्यात मांडलं होतं. आप्पांसारख्या उचगावच्या शेतकऱ्याच्या मुलाला हे सिद्ध करायचा किती अभिमान होता, ते मी वर्गात मागच्या बाकावरून पाहिलेलं आहे.

काचबिंदूनं डोळे गेल्यावर ते शहापूरला परतले. पुस्तकाची नवी आवृत्ती निघायची होती, आणि मी इथल्या कॉलेजात शिकवून संध्याकाळी त्यांना वाचून दाखवत होते. संक्रांतीनंतर गुंजीहून भावकू गुरवाचा निरोप आला. देवळाची जमीन खचली होती, म्हणून देवी भिंतीपासून हलवून सभामंडपात ठेवली होती. आप्पा म्हणाले, आयुष्यभर तिचं तोंडच बघितलं, पाठ कधी दिसली नाही, चल. आम्ही रेल्वेनं गुंजीला उतरलो आणि तिथून बैलगाडीनं गेलो. वाटेत आप्पा नुसत्या वासावरून सांगत होते, आता करवंदीच्या जाळ्या आल्या, आता ओढा येईल. इतके खुशीत मी त्यांना डोळे गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मूर्तीच्या पाठीला शेंदराचा आणि धुळीचा थर होता. भावकूनं तेल लावून तो हलक्या हातानं पुसून काढला. खाली जुनी कन्नड अक्षरं निघाली. आप्पांनी माझं मनगट धरलं होतं. "काय हाय गं?" ते म्हणाले. "नुसतीच सपाट हाय न्हवं?" मी वाकले. पहिलं नाव लागलं, मूर्ती घडवणाऱ्याचं, कल्लोज. मग तो कुठला, ते लागलं. पार दक्षिणेतून आलेला. मग शकाचं साल लागलं, आणि ते आप्पांच्या सालापेक्षा तीनशे वर्षांनी अलीकडचं होतं.

रुक्मा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. मी गप्प बसू शकले असते. भावकूला ती अक्षरं वाचता येत नव्हती, आणि देवी आठ-पंधरा दिवसांत पुन्हा भिंतीला लागणार होती. आप्पांनी आम्हाला खरं सांगायला शिकवलं होतं म्हणून मी ते वाचलं, असं मी सगळ्यांना सांगत आले. कॉलेजात सांगितलं, माझ्या आईला सांगितलं. ते खोटं नाही, पण ते नंतर सुचलेलं आहे. त्या घडीला आप्पा माझ्या मनातच नव्हते. ती अक्षरं लागली आणि मला आनंद झाला. नुसता आनंद. हे मला सापडलं, आजवर कुणी वाचलेलं नाही ते मी वाचतेय, एवढंच डोक्यात होतं आणि मी मोठ्यानं, जवळजवळ ओरडून, सगळी ओळ वाचली. साल उच्चारलं तेव्हा मनगटावरची त्यांची पकड सुटली. मग मला कळलं मी काय वाचलं ते.

त्यांनी मला परत वाचायला लावलं. मग स्वतः बोटं फिरवून एकेक अक्षर चाचपलं. "बरोबर हाय तुझं," म्हणाले, आणि भावकूकडं प्यायला पाणी मागितलं. परतीच्या गाडीत त्यांना करवंदीचा वास आला नाही, का आला तरी बोलले नाहीत. मी आपली मूर्खासारखी म्हणत राहिले, ही नंतर बसवलेली मूर्ती असेल, जुनी दुसरी असेल. तेव्हा म्हणाले, "अंजे, मला समजवू नको. पोरांना हेच करू नका म्हणून शिकवलंय मी."

पुढचं तू ऐकलंस. त्यांनी आवृत्ती थांबवली. आमच्या कॉलेजात मुलांसमोर उभं राहून, आपलं पुस्तक कुठं आणि कसं चुकलं, ते तासभर समजावून सांगितलं. मी खाली मान घालून बसले होते. घरी आल्यावर म्हणाले, आता तू लिही, तुझ्या नावानं. मी लिहिलं आणि हस्तलिखितच मुंबईला धाडलं. ते वाचून विद्यापीठानं मला बोलावणं धाडलंय, आप्पा जी जागा सोडून आले त्याच जागेवर. गुरूला खाली ओढून त्याची जागा घेतली, असं लोक म्हणतात ते मला ठाऊक आहे. बाहेर कुणी म्हणो, पण तूही तेच म्हणत असशील, हे मला सोसत नाही. आणि खरं सांगू? त्यात तुझं थोडं बरोबरच आहे. ज्या जूनमध्ये तुला निपाणीला दिलं, त्याच जूनमध्ये आप्पांनी माझ्या बापाची समजूत घालून मला मुंबईला नेलं. खांबावरची वेल तुला माझ्यापेक्षा चांगली दिसायची. माझ्या लग्नाची काळजी आप्पांच्या डोक्यावर नव्हती, तुझ्या लग्नाची होती, एवढाच काय तो फरक. तुझ्या वाट्याचं शिक्षण, तुझ्या वाट्याचा बाप आणि आता त्याची जागासुद्धा माझ्याकडं आली. मी ती नाकारून तुझ्याकडं मान वर करून बघणार होते. पण तसं केलं नाही. परवा होकार कळवला. मला ते काम करायचं आहे, रुक्मा, आणि तसं वाटतंय याचीही लाज वाटते.

आप्पांना होकाराचं सांगितलं तेव्हा ते खूश झाले. मग म्हणाले, "देवीच्या बाबतीत चुकलो ते तू दावलंस. रुक्मीच्या बाबतीत चुकलो ते मला कुणी दावायला नको, आधीपास्नं ठाव हाय. पर ते तुझ्या हातनं लिवून घ्यायचं न्हाय. माझं मी जाऊन सांगतो." म्हणून आज हे पत्र पुरं करून धाडतेय. येत्या रविवारी सकाळच्या सर्व्हिस मोटारीत मी त्यांना बसवून देते आहे. ते एकटेच येतायत. मला बरोबर येऊ नको म्हणालेत. तू स्वतः स्टँडवर ये, गडीमाणसाला धाडू नकोस. उतरताना डावा हात धर, डाव्या बाजूचं त्यांना अंधुकसंही दिसत नाही. त्यांनी तुझं घर कधी पाहिलं नाही, तेव्हा कुठं काय आहे ते तूच सांग. आणि बोलायला त्यांना वेळ लागेल, तेवढा दे. माझ्यावर राग ठेवायचा असेल तर खुशाल ठेव, पण रविवारी तो घरी ठेवून ये.

तुझीच,
अंजी